दुखणं काढावं, बळ ठेवावं

कल्याणजवळच्या मोहन्यात गुडघे झिजलेली माणसं किती, हे बघायला दवाखान्यात जावं लागत नाही. आंबिवली स्टेशनच्या पुलावर सकाळी थोडा वेळ थांबलं तरी दिसतं. कठड्याला धरून एक पायरी, तिच्यावर दुसरा पाय ओढून घ्यायचा, दम घ्यायचा, मग पुढची. यांतले कितीतरी जण एनआरसीचे जुने कामगार. 1946 साली स्थापन झालेली ही रेयॉन कंपनी 2009मध्ये बंद पडली. तिच्या पाळ्या उभ्यानं केलेले पाय आता साठी-सत्तरीत आलेत. त्यांच्या घरच्या बायकांचे गुडघे उकिडवं बसून धुणी धुण्यात आणि जमिनीवर बसून मासळी-भाजी साफ करण्यात झिजले.

‘वाटी बदलायची’ असं घरात ठरू लागलं की दोन प्रश्न निघतात. पहिला खर्चाचा. ऑगस्ट 2017मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून तो थोडा हलका झाला आहे. दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. ‘मॅडम, नंतर ठणका फार लागतो म्हणे. सोसवेल ना मला?’ याचं उत्तर देणं माझं काम. मी भूलतज्ज्ञ आहे. कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंतच्या नर्सिंग होममध्ये जाऊन भूल देते.

ऑपरेशनपुरती भूल बहुधा पाठीतल्या इंजेक्शनची असते. तिचा असर दोन-चार तासांत ओसरतो आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. हाड कापलेलं, सांध्याचं आवरण उघडलेलं. पहिले एक-दोन दिवस दुखणं ऐन भरात असतं. नुसत्या मॉर्फिनच्या जातीच्या औषधांवर ते दाबायला गेलं तर वयस्कर माणसाला मळमळतं, गुंगी येते, पोट साफ होत नाही, कधी श्वास मंदावतो. आणि दुखणं तसंच सोडलं तर पेशंट पाय हलवतच नाही. न हललेल्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, नवा गुडघा आखडतो. म्हणून पहिल्या रात्रीचं दुखणं कमी करणं हा लाड नव्हे. ऑपरेशन फळाला येणं त्यावर अवलंबून आहे.

नर्व्ह ब्लॉक इथं उपयोगी पडतो. गुडघ्याकडून मेंदूकडे दुखण्याची खबर नेणाऱ्या मज्जातंतूजवळ औषध सोडायचं, म्हणजे काही तास ती खबर पोचत नाही. कल्पना जुनी आहे. 1884मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या डॉक्टरनं कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं आणि लगेचच शल्यविशारदांनी तेच औषध मज्जातंतूंजवळ टोचायला सुरुवात केली. आज आम्ही रोपिव्हॅकेन किंवा बुपिव्हॅकेन वापरतो.

पण गुडघ्याला एकच मज्जातंतू नाही. पुढची आणि आतली बाजू जांघेतून येणाऱ्या फिमोरल मज्जातंतूच्या शाखांकडे, मागची बरीचशी सायाटिकच्या शाखांकडे. सगळेच बंद केले तर दुखणं जवळपास नाहीसं होईल. तसं मात्र करायचं नसतं. फिमोरल जांघेतच अडवला तर मांडीच्या पुढच्या स्नायूचं बळ जातं. पेशंट ‘दुखत नाही’ म्हणून उभा राहतो आणि गुडघा खाली मुडपतो. सायाटिक अडवला तर पाऊल उचलता येत नाही, आणि ऑपरेशननंतर सर्जनला तर तेच तपासायचं असतं. वाकडा गुडघा सरळ करताना पाऊल उचलणाऱ्या मज्जातंतूला ताण बसला का, हे माझ्या औषधामुळं झाकलं जाता कामा नये. किती बधिर करायचं यापेक्षा काय बधिर करायचं नाही, हे ठरवण्यात आमचं कसब आहे. दुखणं काढावं आणि चालण्याचं बळ ठेवावं, हे या कामातलं मी शिकलेलं सगळ्यात मोलाचं सूत्र.

म्हणून गेल्या काही वर्षांत आम्ही जांघेतून खाली मांडीच्या मध्यावर उतरलो. तिथं स्नायूंच्या मधून एक बोगदा जातो, त्याला अ‍ॅडक्टर कॅनाल म्हणतात. मांडीच्या स्नायूला बळ देणाऱ्या बहुतेक शाखा तोवर वेगळ्या झालेल्या असतात. बोगद्यात मुख्यतः संवेदना नेणारा सॅफेनस मज्जातंतू उरतो. मांडीच्या आतल्या बाजूला सोनोग्राफीचा प्रोब आडवा ठेवला की पडद्यावर सार्टोरियस स्नायू होडीच्या आकाराचा दिसतो. त्याच्याखाली धमनी ठोके देत असते आणि तिच्या बाजूला पांढुरका ठिपका, तोच मज्जातंतू. सुई बाहेरच्या बाजूनं प्रोबच्या रेषेत शिरते, चकाकणारी रेघ होऊन पुढं सरकते. स्नायूचा पडदा ओलांडताना बोटांना हलकी टिचकी जाणवते. तिथं थांबायचं. सिरिंज मागं ओढून रक्त येत नाही ना बघायचं, मग एक-दोन मिली औषध. धमनीलगत काळं तळं पसरलं की जागा बरोबर. स्नायूतच फुगवटा आला, तर सुई हलवायची. नंतर उरलेलं औषध थोडं थोडं, दर वेळी मागं ओढून बघत. गुडघ्याच्या मागच्या ठणक्यासाठी पोटरीच्या वरच्या खळगीत, धमनी आणि सांध्याचं आवरण यांच्यामध्ये, अशीच आणखी एक सुई देता येते. पावलाचं बळ त्यातही शाबूत राहावं असा बेत असतो.

दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलायचे असले की आधी गणित. पन्नास किलोच्या बाईला रोपिव्हॅकेन दीडशे मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. 0.2 टक्क्यांचं वीस-वीस मिली दोन्ही मांड्यांत गेलं की ऐंशी मिलिग्रॅम झाले. सर्जनही शेवटी सांध्याभोवती औषध टोचणार असेल तर त्याच्यासाठी सत्तर उरले. हे आकडे दोघांनी सुरुवातीलाच बोलून घ्यायचे. औषध रक्तात जास्त गेलं तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानात आवाज होतो, पुढं झटके येतात, हृदयही बंद पडू शकतं. त्यावर उतारा म्हणून वीस टक्के लिपिडची बाटली खोलीत हवी. ती हाताशी दिसल्याशिवाय मी सुई उचलत नाही.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. भूलतज्ज्ञ फिरता असतो, पण सोनोग्राफीचं मशीन त्याला बॅगेत घालून फिरवता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994च्या कायद्याखाली प्रत्येक मशीनची त्या त्या संस्थेत नोंदणी लागते, मग ते गुडघ्यासाठी का वापरायचं असेना. मला या कायद्याचा राग नाही. असा कायदा देशात सगळ्यात आधी, 1988मध्ये, महाराष्ट्रानंच केला. मुलींचे गर्भ मारले जात होते म्हणून करावा लागला. पण त्याचा अर्थ असा की ज्या नर्सिंग होममध्ये नोंदलेलं, बारीक मज्जातंतू दाखवणारं मशीन नाही, तिथं बोगद्यातला ब्लॉक नीट देता येत नाही. विजेच्या हलक्या धक्क्यानं स्नायू हलवून मज्जातंतू शोधणारं छोटं यंत्र माझ्या बॅगेत असतं. पण सॅफेनस स्नायू हलवत नाही, त्यामुळं त्या यंत्राला तो सापडत नाही. मग सर्जननं सांध्याभोवती औषध टोचायचं, ही चांगली वाट उरते. मशीन आणि त्याची कागदपत्रं यांवर मोठ्या मनानं खर्च करणारी नर्सिंग होम वाढायला हवीत.

ब्लॉक देऊन हात धुतले की काम संपलं, असं मात्र नाही. एकदाच टोचलेल्या औषधाचा असर साधारण बारा ते अठरा तास टिकतो. दुपारी ऑपरेशन झालं असेल तर तो पहाटे उतरतो, सगळा वॉर्ड झोपेत असताना. तेव्हा ठणका एकदम उसळतो, आणि पेशंटला वाटतं काहीतरी बिघडलं. म्हणून पॅरासिटामॉल ठरल्या वेळी, दुखो न दुखो, सुरू ठेवायचं. मूत्रपिंड ठीक असेल तर सूज उतरवणारं औषध, शिवाय बर्फ. तीव्र औषध अडीअडचणीला. संध्याकाळी मी मुलीला किंवा सुनेला बाजूला घेऊन सांगते, ‘आईंचा पाय पहाटे जागा होईल. दुखायला लागायच्या आधी गोळी द्यायला सिस्टरना सांगा. आणि एकट्यानं बाथरूमला उठू देऊ नका.’

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टनं वॉकर पुढं केला की बाई आधी माझ्याकडं बघतात. ‘मॅडम, पाय धरेल ना?’ मी त्यांना पडल्या पडल्या टाच गादीवरून उचलायला सांगते. टाच उचलली, तर मांडीचं बळ आहे. ‘धरेल, मावशी. उठा.’ दुखतं, पण सोसण्याइतकं. आणि त्या चार पावलं टाकतात.

ताप, नाडी, रक्तदाब यांचे रकाने आपल्याकडं प्रत्येक केसपेपरवर असतात. दुखणं किती, शून्य ते दहा, हा रकाना अजून अनेक ठिकाणी नाही, आणि असला तरी कोरा राहतो. तो दर चार तासांनी भरला गेला, रात्रीसुद्धा, तर पहाटे उसळणारा ठणका कुणाच्या तरी नजरेस वेळेत पडेल. याला मशीन लागत नाही, परवाना लागत नाही; पेशंटला विचारावं लागतं. गुडघा बदलायला निघालेल्या प्रत्येक घरानं ऑपरेशनची तारीख ठरवतानाच भूलतज्ज्ञाला विचारावं: पहिल्या रात्रीसाठी तुम्ही काय ठरवलंय, आणि दुसऱ्या रात्रीसाठी काय? हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि नेमकं उत्तर देणं आमचं काम.