नाव समजू शकले नाही

सात-आठ वर्षं मी तेरखेड्यातून एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गावरचं आमचं गाव वर्षातून दोनदा पेपरात यायचं. दिवाळीआधी ‘मराठवाड्याची शिवकाशी’ म्हणून, आणि एखाद्या शेडमध्ये स्फोट झाला की तेव्हा.

इथं पाऊस कमी, जमीन कोरडवाहू. फटाक्याच्या दारूला कोरडी हवा लागते आणि माणसांना काम. बायका सुतळी बॉम्ब गुंडाळायला जातात. माझी चुलतीही जायची. मजुरी नगावर. संध्याकाळी तिचे हात ॲल्युमिनियमच्या भुकटीनं चकाकत. दोनदा साबण लावल्याशिवाय ती भाकरी थापायला बसत नसे.

एका उन्हाळ्यात स्फोट झाला आणि आमच्या गल्लीतली बाई गेली. चुलतीच्या शेजारी बसून काम करणारी. मी जाऊन आलो आणि रात्री शंभरेक शब्दांची बातमी पाठवली. हजेरीचं पुस्तक कुणी दाखवलं नव्हतं, पोलिसांत नोंद व्हायची होती. म्हणून रिवाजाप्रमाणे लिहिलं, ‘मृत महिलेचे नाव समजू शकले नाही.’

नाव मला ठाऊक होतं. लहानपणी तिच्या घरी ताक प्यायलो होतो. अधिकृत दुजोरा नव्हता, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली आणि नाव छापायचं राहून गेलं.

चुलती म्हणाली, “तुला तिचं नाव म्हाईत न्हवतं व्हय रं?”

पुढं पुरवणीसाठी जिल्ह्याच्या इतिहासावर लेख मागितला. मी मन लावून लिहिला. पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये ‘तगर’ म्हणून आलेलं तेर, तिथल्या लामतुरे संग्रहालयातल्या जुन्या वस्तू, नळदुर्ग, परंड्याचे किल्ले. सातव्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवटीचा शेवट, २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव. चुलतीला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला.

“जिल्ह्याचं नाव किती बारी लिव्हलंस?”

मोजलं. दोन्ही नावं धरून अकरा वेळा. ती पुढं काही बोलली नाही.

स्फोटकांच्या नियमांत एका वेळी १५ किलोपर्यंत दारूकामाचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, त्याहून जास्त असेल तर केंद्र सरकारच्या स्फोटक विभागाकडे जावं लागतं. म्हणजे दारूचा हिशेब किलोत ठेवायची सोय आहे. नगावर राबणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठल्या कागदावर असेलच, असं नाही.

आता मी बातम्या पाठवत नाही. एक वही केली आहे. दुपारी चुलतीजवळ बसतो. ती आठवून सांगते, कोण कुठल्या शेडमध्ये होती, कुणाची बोटं भाजली, कोण मजुरीच्या पैशातून लेकीला शिकवू शकली. साल तिला सांगता येत नाही. “दुष्काळाच्या आदल्या वर्साला,” म्हणते. मी तसंच लिहून घेतो.

वहीच्या पहिल्या पानावर त्या बाईचं नाव आहे. इथं ते लिहिलेलं नाही. या वेळी मात्र आधी तिच्या लेकीला विचारायचं आहे. ती पुण्याला असते. दिवाळीला येईल.