एकशे तेहतीस तारांची

राजूर म्हटलं की वणीकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, कॉलरी आणि चुन्याच्या भट्ट्या. त्यामुळे पोलादी दोराची ओळख इथे कुणाला करून द्यायला नको. भुयारी खाणीच्या उतारावरून कोळशाचे टब ओढणारा, वंगणाने काळाकुट्ट झालेला तो दोर. त्याच घराण्यातल्या एका नाजूक लेकीशी मला तुमची गाठ घालून द्यायची आहे. दोराचा जन्म जमिनीखाली गेला, हिचा आकाशात जातो. लहान विमानाच्या पोटात, पायाखालच्या पत्र्याआड ती राहते. नाव कंट्रोल केबल.

घराणं मूळचं खाणीतलंच. जर्मनीच्या हार्झ डोंगरात, क्लाउस्टालच्या खाणींवर विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने १८३४ साली लोखंडी तारांचा दोर वळून वापरात आणला. साडेतीन मिलिमीटरच्या चार तारांचा एक पीळ, असे तीन पीळ. त्याआधीचे अंबाडीसारख्या तंतूंचे दोर ओलीत कुजायचे आणि साखळीची एक कडी गेली की सगळंच खाली जायचं. आल्बर्टच्या दोरातली एक तार तुटली, तर उरलेल्या अकरा जणी भार वाटून घेत. संकटात एकमेकींना धरून राहायचं, हे या घरचं वळण.

पुढे राइट बंधूंनी तिला विमानात आणलं. १९०३च्या त्यांच्या यंत्रात वैमानिक पालथा झोपायचा, कमरेखालचा पाळणा डावी-उजवीकडे सरकवायचा आणि तारा ओढल्या जाऊन पंखांची टोकं पिळली जायची. दोघे भाऊ सायकलवाले होते, तार ताणायची कशी हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. तुमच्या सायकलच्या ब्रेकची वायर आणि मोटारसायकलची क्लच वायर या हिच्याच धाकट्या बहिणी. त्या तुटल्या तर आपण गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेतो. थोरलीला असं मिस्त्रीपर्यंत जाता येत नाही.

दिसायला ती काहीच नाही. जाडी साधारण तीन मिलिमीटर. पण जवळून बघा: एकोणीस तारांचा एक पीळ, असे सात पीळ, म्हणजे एकशे तेहतीस तारा. एवढ्याशा देहावर ती आठ-नऊशे किलोचा ताण पेलते. तिला रोज तेवढं ओढावं लागत नाही. वैमानिकाचा हात सहसा हलकाच असतो. जास्तीची ताकद तिने वाईट दिवसासाठी राखून ठेवलेली असते.

एक गोष्ट तिला अजिबात जमत नाही, ती म्हणजे ढकलणं. ओढायला सांगा, जीव तोडून ओढेल; ढकलायला सांगितलं की मान टाकते. म्हणून ती नेहमी जोडीने राहते. एक केबल पंखाची झडप वर नेते, दुसरी खाली आणते. पंखांच्या टोकांकडच्या एलेरॉनला अशी जोडी, शेपटीच्या एलेव्हेटरला अशी जोडी, रडरला अशी जोडी. प्रत्येक जोडी कप्प्यांवरून वळत, भोकांतून जात, शेजारणीला न घासता आपापल्या घरी पोचते. कप्पीवरून एखादी घसरली तर ती तिथेच अडून बसते, आणि मग आकाशातला माणूस कितीही जोर लावो, ती हलत नाही.

हवामानाच्या बाबतीत ती फार मानी आहे. विमानाचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, ही पोलादाची. उन्हात अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या दुपटीच्या आसपास पसरतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा विमानाचं अंग लांबतं आणि ही ताठ होते. डिसेंबरच्या पहाटे अंग आखडतं आणि ही सैल पडते. म्हणून तिचा ताण मोजायला टेन्सिओमीटर नावाचं उपकरण असतं आणि सोबत तक्ता असतो: इतक्या तापमानाला इतका ताण. बोटाने दाबून ‘ठीक वाटते’ म्हणणाऱ्याला ती फसवते. हिवाळ्यात ठीक वाटलेली केबल उन्हाळ्यात कप्प्यांचा जीव घेते. उन्हाळ्यात ठीक वाटलेली हिवाळ्यात लोंबते.

ती बोलते, आणि हा तिचा मला सर्वांत आवडणारा गुण. एकदम सहसा तुटत नाही. आधी एक तार तुटते, बहुधा जिथे ती कप्पीवर वळते तिथेच. मग दुसरी. पण तिचा आवाज फार बारीक आहे. तो ऐकायला एक साधं फडकं लागतं. जाणता मेकॅनिक फडकं केबलभोवती धरून हळूहळू सरकवत नेतो. तुटकी तार धाग्याला धरते, फडकं अडकतं. उघड्या बोटाने हे करू नये, ती रक्त काढते. आणि एवढ्यावर थांबूनही चालत नाही. जो भाग नेहमी कप्पीत दडलेला असतो, तो दिसावा म्हणून वैमानिकाच्या हातातला दांडा पूर्ण टोकाला नेऊन पुन्हा पाहावं लागतं. काही तारा आतल्या आत तुटतात. केबल सैल करून हलकेच वाकवली की मगच त्या टोकं वर काढतात. कॉलरीतही चालू दोराची पाहणी रोज होते आणि थकलेलं टोक कापून नव्याने बसवतात. घराणं एकच, दुखणीही एकच.

आता तिच्या स्वभावातली भयंकर गोष्ट. ती आज्ञाधारक आहे, पूर्णपणे, विचार न करता. चुकीच्या जागी जोडा, ती चुकीचं काम तितक्याच निष्ठेने करते. रॉय चॅडविक हे नाव विमानांच्या जगात मोठं. दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर बॉम्बर त्यांनी घडवलं. २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमधल्या वुडफर्ड इथून अ‍ॅव्हरो ट्यूडर विमानाच्या चाचणीला ते स्वतः बसले. आदल्या दुरुस्तीत एलेरॉनच्या केबली उलट जोडल्या गेल्या होत्या. डावीकडे वळवलं की विमान उजवीकडे कलणार. उड्डाण होताच ते कोसळलं आणि चॅडविक गेले. इतका मोठा अभियंता शेजारी बसला होता म्हणून केबलने सवलत दिली नाही.

एकाहत्तर वर्षांनी तीच चूक पुन्हा झाली. ११ नोव्हेंबर २०१८ला एअर अस्तानाचं एम्ब्रेअर विमान पोर्तुगालमधल्या अल्व्हेर्का इथून मोठी दुरुस्ती आटोपून निघालं. पुन्हा एलेरॉनच्या केबली उलट. ढगांत विमान वेडंवाकडं लोळत राहिलं, हवाई दलाची एफ-१६ विमानं वाट दाखवायला धावली आणि वैमानिकांनी तिसऱ्या प्रयत्नात ते बेजाला उतरवलं. सहाही जण वाचले. केबली जोडणारी ही सगळी धंद्याने हेच काम करणारी माणसं होती.

८ जानेवारी २००३ला अमेरिकेत शार्लटला एअर मिडवेस्टचं छोटं प्रवासी विमान पडलं, एकवीस माणसं गेली. दोनच दिवस आधी रात्रपाळीत एलेव्हेटरच्या केबलचा ताण जुळवला होता. ताण जुळवायचा तो टर्नबकलने: दोन टोकांना उलटसुलट आटे असलेली एक पितळी नळी, फिरवली की केबल आवळते किंवा सैलावते. ते काम करणारा मेकॅनिक या जातीच्या विमानावर ते पहिल्यांदाच करत होता, आणि पुस्तकातल्या काही पायऱ्या गाळल्या गेल्या. नाक खाली घेण्याची एलेव्हेटरची मुभा निम्म्याच्या आसपास उरली. हलक्या वजनात पुढची काही उड्डाणं सुखरूप झाली. मग एके सकाळी विमान भरलेलं होतं, शेपटीकडे वजन जास्त होतं, नाक वर गेलं आणि ते खाली आणायला केबलपाशी जागाच शिल्लक नव्हती.

ज्यांचा हा धंदाच, त्यांची ही गत, तर मालकाची काय सांगावी? आणि मालक तिच्यावर प्रेम करतो, हीच तर अडचण. अमेरिकेत लहान विमान बाळगणाऱ्याला बरीच कामं स्वतः करायची मुभा आहे: तेल बदलणं, चाकं बदलणं, दिवे, पट्टे. नियंत्रणाच्या केबली मात्र त्या यादीत नाहीत. पण घरी बांधलेल्या विमानाचा मालक जवळजवळ सगळंच स्वतः करू शकतो. तो विमान पुसतो, चमकवतो, एलेरॉनला हौसेने रंगाचा आणखी एक थर देतो. त्या थराच्या वजनाने झडपेचा तोल बिघडतो आणि वेगात ती फडफडू लागते. तो शेपटीत वाकून काम करतो आणि पान्हा तिथेच राहतो. टर्नबकल फिरवतो आणि ते पुन्हा सैल होऊ नये म्हणून बांधायची लॉकिंग वायर उद्यावर टाकतो. यांतला एकही माणूस निष्काळजी नसतो. ज्या हाताने चूक केली, त्याच हाताला ती दिसत नाही, एवढंच. म्हणून नियंत्रणाच्या जोडणीला हात लागला की दुसऱ्या जाणत्या माणसाने ती स्वतंत्रपणे तपासून सही करायची, असा रिवाज पुष्कळ देशांत आहे. आपल्याकडेही आहे. केबलला दोन माणसांनी पाहिल्याशिवाय समाधान नाही. हा तिचा हट्ट मला शंभर टक्के मान्य आहे.

आपल्याकडे असे वेडे नाहीत असं समजू नका. अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि नोंदणीचा क्रमांक मिळायला २०१७ साल उजाडलं. परवानग्यांची ती वर्षं खूप लांबली, पण त्या वाटेवर यंत्राकडे पाहणारे डोळे तरी वाढत गेले.

आणि आपल्याच यवतमाळ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत, एका तरुण कारागिराने मोटारीचं इंजिन बसवून हेलिकॉप्टर घडवलं होतं. ऑगस्ट २०२१मध्ये, स्वातंत्र्यदिनाला चारपाच दिवस उरले असताना, रात्री चाचणी चालू होती. शेपटीचा पंखा तुटला, मुख्य पंख्यावर आदळला आणि तो मुख्य पंखा त्याच्या डोक्याला लागला. हेलिकॉप्टरचं सुकाणू म्हणजे तो शेपटीचा पंखाच. विमानात रडरची केबल जे काम करते ते तिथे तो करतो. वेल्डिंगची कला त्या पोराच्या हातात होती. पण अशा यंत्राकडे दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी पाहून ‘थांब, हे पातं अजून फिरवू नकोस’ म्हणणारं माणूस त्याने आपल्या जिल्ह्यात शोधायचं कुठे होतं? ही बातमी आठवली की अजून गलबलून येतं.

केबलची शेवटची सवय सांगतो. उड्डाणापूर्वी तिला विचारल्याशिवाय निघालेलं तिला खपत नाही. दांडा डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे, टोकापर्यंत. पंधरा सेकंदांचं काम. ३१ मे २०१४ला अमेरिकेत बेडफर्डला एक श्रीमंती गल्फस्ट्रीम विमान झडपा अडवून ठेवणारं नियंत्रणाचं कुलूप न काढताच धावपट्टीवर सुटलं आणि सात माणसं गेली. चौकशीत निघालं की त्याच वैमानिकांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी अठ्ठ्याण्णव टक्के वेळा ही विचारपूस पुरती केलीच नव्हती. तिने इतके दिवस काही म्हटलं नव्हतं.

नव्या शिकाऊ पोरांना फ्लाइंग क्लबात एक खूण शिकवतात. दांडा मुठीत धरायचा, अंगठा वर ठेवायचा आणि दांडा डावीकडे न्यायचा. अंगठा ज्या पंखाकडे झुकला, त्या पंखाची झडप वर उठली पाहिजे. पोरगं धावपट्टीच्या तोंडाशी विमान थांबवतं, अंगठा डावीकडे झुकवतं आणि मान वळवून खिडकीतून बघतं. डाव्या पंखाची झडप वर आलेली असते. पायाखाली, पत्र्याआड, कप्पीवरून ती सरकल्याची बारीक खरखर त्याच्या तळहाताला लागते.