बिडाचा आवाज

मोटारीत असा एक भाग असतो की, त्याच्याकडे कौतुकाने पाहावे असे तिच्या मालकालाही कधी वाटत नाही. इंजिनाच्या कुशीला तो चिकटून बसलेला असतो. सिलिंडरांतला जळका वायू प्रथम त्याच्या पोटात शिरतो आणि तिथून सायलेन्सरच्या वाटेने मागे जातो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे त्याचे नाव. मराठीत त्याला शब्द नाही. धुराडे म्हणावे, तर धुराडे घराच्या माथ्यावर रुबाबात उभे असते. हा बिचारा काळोखात.

पण तो ज्या धातूचा ओततात, त्याला मात्र आपल्याकडे अस्सल शब्द आहे – बीड. ज्यांच्या घरी घावनांसाठी बिडाचा तवा आहे, त्यांना त्याचा स्वभाव सांगायला नको. तापायला वेळ घेतो, तापला की ऊब धरून ठेवतो, आणि हातून निसटला तर वाकत नाही, सरळ दुभंगतो. तव्याला आपण तेल चोळचोळून काळी कांती आणतो. मॅनिफोल्डपुढे ही विद्या चालत नाही. इंजिनावर जोर पडला की तो पाचशे अंशांच्याही पुढे तापतो. तिथे तेल जळते, साधा ऑइलपेंटही जळतो. उरतो तो गंज.

अण्णामामांची फियाट १९७० सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, तिचे हे अपत्य. तिची धाकटी बहीण पद्मिनी मुंबईत टॅक्सी होऊन राबली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिथल्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तेव्हापासून या गाड्यांचे शौकीन वाढलेत असे मला उगाच वाटते. असाच एक शौकीन रविवारी गाडी पाहायला यायचा होता. मामांचे वय चौऱ्याऐंशी; गाडी विकायचे त्यांनीच ठरवले होते. मामेभावाचे म्हणणे एवढेच, की बॉनेट उघडल्यावर तो गंजका गोळा दिसू नये. मे महिन्याची सुटी होती, आणि घासण्यापुसण्याची मला हौस आहे. काम माझ्याकडे आले.

दोन रात्री स्टडांना तेल पाजून तिसऱ्या दिवशी हलक्या हाताने ते सोडवले. अशा जागी जोर केला की स्टड तुटतो आणि त्याचा तुकडा आतच राहतो. जुन्या गॅस्केटात ॲस्बेस्टॉस असू शकतो. म्हणून ते ओले करून, नाकाला फडके बांधून काढले. मग तारेचा ब्रश. दोन तासांत वाड्याच्या फरशीवर गेरूचा सडा पडला. गेरू आणि गंज एकाच कुळातले, हे तेव्हा डोळ्यांना पटले. कानाकोपऱ्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लाचे पाणी लावले. त्याने तांबूस थर करडा काळा होऊन बसतो. धुऊन लगेच उन्हात वाळवले. उघडे बीड ओले राहिले तर पाहता पाहता पुन्हा तांबडे होते.

मामा खुर्चीवर बसून पाहत होते. म्हणाले, "आता वाजवून बघ."

माठ घेताना आपण टिचकी मारतो, तसेच हे. दोरीला टांगून पान्याने हलकेच ठोकले. धड बीड घंटेसारखे घुमते. हे 'थप्प' वाजले.

तडा कुठे आहे ते शोधायला जुनी रीत आहे. रॉकेल लावायचे, कोरडे पुसायचे आणि वर खडूची पूड फासायची. रॉकेल आता पुण्यात औषधालाही सापडत नाही, डिझेलवर भागवले. खडूला आमच्या घरी तोटा नाही. थोड्या वेळाने त्या पांढऱ्या पुडीवर दोन बोटे लांबीची ओलसर काळी रेघ उमटली.

"रंगाखाली जाईल," मामेभाऊ म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. काही आठवडे गेलीच असती. पुढे त्या फटीतून जळका वायू बॉनेटखाली साचला असता, आणि जुन्या गाडीच्या पुढच्या पत्र्याला भोके काय कमी असतात! त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. काचा बंद करून निघालेल्या माणसाचे डोके दुखू लागते, एवढीच सूचना.

मामांनी हे काही सांगितले नाही. विचारले, "त्या गृहस्थांना मुलंबाळं आहेत का रे?"

दुसऱ्या दिवशी मी मॅनिफोल्ड घेऊन भवानी पेठेत वेल्डिंगवाल्याकडे गेलो. बिडाला थंडपणी डाग दिला तर शेजारी नवा तडा जातो. म्हणून त्याने आधी सगळा तुकडा तापवला, निकेलच्या कांडीने थोडे थोडे भरत गेला आणि शेवटी तो कोरड्या चुन्यात पुरून ठेवला. रात्रभर हळूहळू निवू दिला. सकाळी वाजवला, घुमला.

मग रंग. उष्णता सोसणारा चंदेरी रंग, पातळ हातांनी. त्याची गंमत अशी की तो वाऱ्यावर नुसता सुकतो. पक्का होतो तो इंजिनाच्या आचेनेच. मॅनिफोल्ड जागेवर बसवून प्रथम थोडा वेळ इंजिन चालवायचे, निवू द्यायचे, मग जरा अधिक वेळ. शनिवारी संध्याकाळी सगळ्या वाड्यात असा काही दर्प सुटला की वरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या.

रविवारी ते गृहस्थ आले, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. बॉनेट मामांनीच उघडले आणि चंदेरी रंगाखालून उठून दिसणाऱ्या सांध्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं तडा होता. हा डाग परवाच दिलाय." गृहस्थांनी वाकून पाहिले, इंजिन चालू करायला सांगितले, बराच वेळ ऐकत राहिले आणि किमतीत तीन हजार कमी केले. मामेभाऊ घरात निघून गेला. मामांनी जुडग्यातून गाडीची किल्ली सोडवायला घेतली. नख लागेना, शेवटी मुलीने ती काढली.