विमानतळावरचे कळसदर्शन



पंचेचाळीस वर्षे कीर्तनात मोहममतेवर निरूपण केले. परवा त्याची परीक्षा झाली. थोरला नातू शिकायला परदेशी निघाला. त्याला पोचवायला दोंडाईच्याहून सुरतमार्गे रेल्वेने मुंबई गाठली.

सहारला छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर, टर्मिनल दोनच्या बाहेर त्याने बॅग ताणकाट्याला अडकवली. तिकिटावर मर्यादा २३ किलोची, भरली २५. आजीने दोंडाईच्याची मिरची कुटून दिलेली, मी माझे पितळी टाळ दिलेले. "टाळ राहू दे रे," मी म्हणालो. त्याने मुकाट्याने थंडीचा जाड कोट बाहेर काढला आणि भर उकाड्यात अंगात घातला.

दारावरचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच आत सोडतो. मला म्हणाला, "बाबा, तुम्हाला इथपर्यंतच." नातवाने वाकून पाय धरले. आशीर्वाद देणे हा माझा जन्माचा परिपाठ. त्या वेळी कंठातून शब्द फुटेना.

बाहेर रस्त्याकडेला बसून राहिलो. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. तरीही एकामागून एक विमाने उडत होती. त्याचे कोणते, कळेना.

आषाढीच्या गर्दीत राउळात जाता आले नाही, तर वारकरी कळसाला हात जोडतो. त्याची वारी पोचते. मीही उडणाऱ्या प्रत्येक विमानाला हात जोडले. ममता सुटली नाही, हे कबूल करतो. ती विठोबाच्या स्वाधीन करून दोंडाईच्याला परतलो.