हशा देणारे पाहुणे

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे मार्गावर, त्रेपन्नाव्या व चोपन्नाव्या रस्त्यांच्या दरम्यान एड सलिव्हन रंगमंदिर उभे आहे. आर्थर हॅमरस्टाईन यांनी ते आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ बांधविले. १९२७ साली त्याचे दरवाजे उघडले. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी येथे ‘बीटल्स’ गायकांचे झालेले स्वागत कोट्यवधी अमेरिकनांनी घरबसल्या पाहिले; प्रत्यक्ष प्रेक्षागृहात मात्र आसने होती ७२८!

पुढे १९९३ ते २०१५ या काळात डेव्हिड लेटरमन येथे पाहुण्यांशी गप्पा रंगवीत. वाचकहो, त्या कार्यक्रमास जाणाऱ्याला तिकिटासाठी पैसा मोजावा लागत नसे; रांगेत मात्र तिष्ठावे लागे. भर उन्हाळ्यातही प्रेक्षागृह मुद्दाम अतिशय थंड ठेवीत. चित्रमुद्रणापूर्वी एक विनोदकार येऊन मंडळींना हसते करी.

हा खटाटोप कशासाठी, असे आपणांस वाटेल. त्याचे उत्तर २०२० च्या मार्चमध्ये मिळाले. महामारीमुळे प्रेक्षागृह ओस पडले. लेटरमन यांच्यामागून आलेले स्टीफन कोल्बेअर काही काळ स्वतःच्या घरातून बोलत राहिले. विनोद तेच, वक्ताही तोच. पण त्यांवर उमटणारा हशा नव्हता. १४ जून २०२१ रोजी प्रेक्षक परतले, तेव्हा कार्यक्रमाचा हरवलेला अर्धा भाग परत आला.

एका हाताने टाळी वाजत नाही. पडद्यावर क्षणभरच दिसणारा तो अनोळखी प्रेक्षक, हाच तेथला दुसरा हात होय.