वारा बघून

शिकागोत उन्हाळ्यातल्या रविवारी पोहायला निघालं, की पहिला वाद किनाऱ्यावरून. ओक स्ट्रीटला उंच इमारतींच्या पायथ्याशी झुंबड. मॉन्ट्रोजला ऐसपैस वाळू आणि कुत्र्यांना वेगळा कोपरा. मुलांचं मत, आइस्क्रीम जवळ तोच किनारा चांगला. मी म्हणते, आधी वारा कुठला आहे ते बघा.

मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण जवळजवळ ५०० किलोमीटर लांब. उत्तरेचा वारा सुटला की लाटा एवढ्या लांबून फुगत येतात आणि दक्षिण टोकाजवळच्या आमच्या शहरावर आदळतात. मग लाल बावटा, पोहणं बंद. पश्चिमेचा वारा दिसायला सज्जन, पाणी कसं सपाट! पण तो वरचं तापलेलं पाणी आत लोटतो आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं. काल मनसोक्त डुंबलो तिथेच आज घोटे बधिर, तेही जुलैत. कोकणातले पाहुणे मानत नाहीत. पलीकडचा काठ दिसत नाही म्हणजे समुद्रच, असा त्यांचा दावा. पहिल्या बुडीनंतर ओठ चाटतात नि गप्प होतात. गोडं पाणी खाऱ्यासारखं अंग उचलून धरत नाही, हेही त्यांना तेव्हाच कळतं.

वारा बघून किनारा ठरवायचा, ही चैनच म्हणायची. २७ जुलै १९१९ ला, अशाच एका उकाड्याच्या रविवारी, यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत एकोणतिसाव्या रस्त्याच्या, गोऱ्यांनी आपला मानलेल्या किनाऱ्यासमोर गेला. पाण्यावर रेघ नव्हती, पण ती सगळ्यांना ठाऊक होती. एका गोऱ्याने दगड मारले, मुलगा बुडाला. पोलिसाने त्या माणसाला अटक करायचं नाकारलं आणि पेटलेल्या दंगलीत ३८ माणसं मेली. ‘कुठे पोहायचं?’ हा प्रश्न या शहरात इतका साधा कधीच नव्हता.

माझा कौल एकतिसाव्या रस्त्याला, त्या जागेपासून अगदी जवळ. आता त्या किनाऱ्याला मार्गारेट बरोज या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचं नाव आहे. वारा पूर्वेचा आणि मंद हवा, म्हणजे वरचं कोमट पाणी काठाकडेच येतं. जीवरक्षक अकराला येतात. आम्ही जरा आधीच पोचतो, नाहीतर गाडीला जागा मिळत नाही.