दुसरा स्पर्श

श्रद्धेविषयी बोलताना आम्हा धर्मगुरूंना पायऱ्यांची उपमा फार सोयीची वाटते. दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे मी कित्येक वर्षे फळ्यावर खडूने एक जिना काढीत आलो. सर्वांत खालच्या पायरीवर ऐकीव श्रद्धा : फुले, मेणबत्त्या, नवस. तिच्यावर शिकून घेतलेली श्रद्धा. त्याहून वर शंका घेणारी आणि शंकेतून तावूनसुलाखून निघालेली श्रद्धा. आणि अगदी वरच्या पायरीवर, स्वतःला विसरून इतरांसाठी झिजणारा शिष्य. आकृती पूर्ण झाली की हात झटकून मी श्रोत्यांना विचारीत असे, “आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत?” हा प्रश्न विचारणारा स्वतः कुठे उभा आहे, असे मात्र कुणी मला विचारले नाही. मीही ते स्वतःला विचारले नाही.

पायऱ्यांची ही कल्पना चुकीची आहे, असे मला म्हणायचे नाही. तिला मोठी परंपरा आहे. आव्हिलाच्या संत तेरेजा यांनी १५७७ साली आत्म्याला किल्ल्याची उपमा देऊन त्याच्या सात दालनांतून होणारा प्रवास लिहून ठेवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली, ख्रिस्तसभेने प्रौढांच्या दीक्षेचा विधी नव्याने सिद्ध केला, तोही टप्प्याटप्प्यांचाच आहे. आधी जिज्ञासा, मग दीक्षार्थीचा काळ, मग शुद्धीकरण आणि संस्कार झाल्यावर त्या संस्कारांचे मनन. १९८१ साली जेम्स फाउलर या अमेरिकन अभ्यासकाचा श्रद्धेच्या टप्प्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी माणसाच्या श्रद्धेचे सहा टप्पे मांडले आणि या टप्प्यांवरून कुणाची लायकी ठरवू नये, असेही बजावले. मी त्यांचे सहा टप्पे घेतले, इशारा तेवढा विसरलो.

माझी स्वतःची पहिली पायरी वसईतल्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर आहे. संध्याकाळची घंटा झाली की आजी वेदीवरचा दिवा लावी आणि आम्ही सारी भावंडे चटईवर गुडघे टेकीत असू. रोझरीच्या तिसऱ्या रहस्यापर्यंत माझे डोळे मिटू लागत. शेजारी बसलेला थोरला भाऊ मला हळूच चिमटा काढी, म्हणजे आजीच्या लक्षात येण्यापूर्वी मी जागा होई. परमेश्वर आहे की नाही, असा प्रश्न त्या घरात नव्हता. केळीची वाडी होती, बावखलातले पाणी होते, तसा परमेश्वर होता.

पुढे गोरेगावच्या सेमिनरीत गेलो. तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. चारही शुभवर्तमाने एकाच वेळी, एकाच हेतूने लिहिली गेलेली नाहीत. त्यांत मार्कचे बहुधा सर्वांत आधीचे, हे कळले. अनेक संतांच्या कथांमध्ये इतिहास थोडा आणि भक्ती अधिक आहे, हेही कळले. सुटीत घरी आलो असताना आजी एका संताचा चमत्कार सांगत होती. मी मध्येच म्हणालो, “आजी, हे असे घडल्याचा पुरावा नाही.” ती माझ्याकडे पाहत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “बरं. मग आता प्रार्थना कशी करायची, तेही शिकून आलास का?” मी हसण्यावारी नेले. आजीला मी मनातल्या मनात खालच्या पायरीवर बसवून टाकले होते.

१९९७ साली मला गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्याच वर्षी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नव्या उत्साहाचे ते दिवस होते. वसईच्या वाड्या तुटत होत्या, बावखले बुजत होती, पानवेलींच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. भूमी ही परमेश्वराची ठेव आहे, ती विकायची वस्तू नव्हे, असे मी वेदीवरून तळमळीने सांगत असे. लोक ऐकत. माझी प्रवचने चांगली होतात, असे मला सांगणारेही भेटत.

आणि २०११ साली माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने आमची अर्धी वाडी विकली.

मला ते दुसऱ्याच्या तोंडून समजले. तडक घरी गेलो. “वडिलांचा घाम विकलास,” असे मी त्याला त्याच्या मुलांसमोर म्हणालो. त्याने खाली मान घातली आणि एवढेच म्हटले, “तू इथे नव्हतास, फादर.” त्याने मला घरच्या नावाने हाक मारली नाही, याचा मला अधिक राग आला. त्यानंतर आठ वर्षे मी त्याच्या घराची पायरी चढलो नाही. लग्नकार्यांत, अंत्यविधींत आम्ही समोरासमोर येत असू. तो हात जोडी, मी मान हलवीत असे.

या आठ वर्षांत मी रोज मिस्सा अर्पण केली. शांतीचे अभिवादन करण्यास रोज लोकांना सांगितले. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, हे मत्तयच्या शुभवर्तमानातले वचन दरवर्षी वाचनात येई. त्यावर मी प्रवचनही करीत असे. माझी मनाशी एक पळवाट ठरलेली होती : माझे भांडण भावाशी नव्हते, एका तत्त्वासाठी होते.

फेब्रुवारी २०१९ मधली गोष्ट. धर्मग्रामातल्या एक वृद्ध विधवा कार्यालयात आल्या. त्यांना सारे मावशी म्हणत. रोज मिस्सेनंतर पवित्र मारियेच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावल्याशिवाय त्या घरी जात नसत. मेणबत्त्या लावून श्रद्धा वाढत नाही, असे मी एकदा प्रवचनात म्हणालो होतो, तेव्हा माझी नजर नकळत त्यांच्याकडे गेली होती. त्यांनाही ते कळले असावे. पण दुसऱ्या दिवशी मेणबत्ती होतीच.

“फादर, एका आजारी माणसासाठी मिस्सा हवी,” त्या म्हणाल्या. मी नोंदवही उघडली. त्यांनी नाव सांगितले आणि माझा हात थांबला. ते त्यांच्या दिराचे नाव होते. नवरा गेल्यावर त्या दिराने त्यांची वाटणी आपल्या नावावर करून घेतली होती, हे सारा गाव जाणून होता.

“मावशी, हा तोच ना?”

“तोच. अर्धांग झालंय त्याला.”

“म्हणजे तुम्ही त्याला क्षमा केलीत!”

“कुठली क्षमा, फादर!” त्या म्हणाल्या. “चार वर्षं झाली, माझ्या तोंडून त्याचं नाव निघत नव्हतं. म्हणून मारियामाउलीसमोर मेणबत्ती लावायची आणि सांगायचं, माझ्याच्यानं होत नाही, तूच बघ. आता नाव तेवढं घेता येतं. बाकीचं अजून यायचंय.”

त्यांनी पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि त्या निघून गेल्या. हे बोलणे कार्यालयात झाले, कुम्साराच्या आसनावर नव्हे, म्हणून मी ते लिहू शकतो. नंतर मी त्यांची परवानगीही घेतली. “नाव नका घालू,” एवढेच त्या म्हणाल्या.

नोंदवही माझ्यासमोर उघडीच होती. आठ वर्षांत माझ्या हातून त्या वहीत हजारो नावे लिहिली गेली असतील. त्यांत माझ्या भावाचे नाव एकदाही नव्हते.

त्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेची तयारी करायला बसलो. शुभवर्तमान मार्कच्या आठव्या अध्यायातले होते. बेथसैदा गावी लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना लाळ लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसते का? तो माणूस वर पाहतो आणि सांगतो की माणसे दिसतात खरी, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, तेव्हा त्याला सारे स्वच्छ दिसू लागते. चारही शुभवर्तमानांत दोन टप्प्यांनी झालेला असा बरे करण्याचा चमत्कार हा एवढाच आहे, आणि तो फक्त मार्क सांगतो.

सेमिनरीत मी या उताऱ्यावर टिपणे काढली होती. या चमत्कारानंतर लगेच कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो आणि पुढच्याच क्षणी क्रुसाची गोष्ट निघताच त्याला विरोध करून खडे बोल ऐकून घेतो. म्हणजे पेत्रालाही दिसत होते, पण अर्धवट. तिथून यरीहोच्या वाटेपर्यंत येशू तीन वेळा आपल्या दुःखसहनाविषयी सांगतो आणि तिन्ही वेळा शिष्य भलतेच समजतात : एकदा विरोध, एकदा थोर कोण यावर वाद, एकदा उजव्या-डाव्या आसनांची मागणी. शेवटी यरीहोला आंधळ्या बार्तीमयाला दृष्टी मिळते आणि तो येशूच्या मागे वाटेने चालू लागतो. शिष्यत्वाचे सारे शिक्षण मार्कने दोन आंधळ्यांच्या मधे ठेवले आहे. हे सारे मला ठाऊक होते, परीक्षेत लिहिलेही होते.

जे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते, ते त्या रात्री आले. त्या माणसाने खरे सांगितले. काल काहीच दिसत नव्हते, आज काहीतरी दिसते आहे. एवढ्यावर आभार मानून तो घरी जाऊ शकला असता. लोकांनी त्याला बरा झालेला म्हणूनच मानले असते, आणि त्याने जन्मभर माणसांना झाडे समजून वागवले असते. मला अजून नीट दिसत नाही, असे तो म्हणाला, म्हणून दुसरा स्पर्श झाला. मावशींनी चार वर्षे मेणबत्ती लावून हेच सांगितले होते. मी मात्र पहिल्या स्पर्शावरच घरी निघून आलो होतो. मला भाऊ दिसत नव्हता. वसई विकणारा एक माणूस दिसत होता. मावशी दिसत नव्हत्या. जिन्याची खालची पायरी दिसत होती.

दुसरा स्पर्शही पुरतोच असे नाही. पवित्र आत्मा उतरल्यानंतर, कर्नेल्याच्या घरी परमेश्वर पक्षपात करीत नाही हे उमगल्यानंतरही, अंत्युखियात पेत्र लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. उलट, आपल्या मराठी मुलखात लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पुढे एकत्र राहू लागल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसते की आधी त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडला, बाप्तिस्मा त्यानंतर आला. प्रेषित पंगतीतून उठला, आणि बाप्तिस्मा न झालेली एक स्त्री पंगतीत येऊन बसली. आमच्या जिन्यात या दोघांना कोणत्या पायरीवर बसवायचे? संत तेरेजा सांगून गेल्या आहेत की आपले परमेश्वरावर प्रेम आहे की नाही हे आपल्याला निश्चित कळणार नाही, पण शेजाऱ्यावर आहे की नाही हे कळते. शेजाऱ्यावरून मोजायचे, तर माझे माप काय भरत होते?

दुसऱ्या दिवशी मिस्सेआधी मी नोंदवहीत भावाचे नाव लिहिले. हेतूच्या रकान्यात काय लिहावे ते सुचेना, म्हणून तो कोरा ठेवला. तो रविवार उलटल्यावर त्याच्या घरी गेलो.

वहिनींनी दार उघडले आणि त्या गोंधळल्या. भाऊ मागच्या बाजूला उरलेल्या वाडीत केळीला पाणी देत होता. तो आला, आम्ही बसलो, चहा झाला. केळीवरच्या रोगाविषयी बोललो, पावसाविषयी बोललो. बऱ्याच वेळाने मी विचारले, “तेव्हा पैशांची एवढी काय नड होती?” त्याने वडिलांच्या अखेरच्या दोन वर्षांचा हिशोब सांगितला : इस्पितळाची बिले, घेतलेले कर्ज, त्यावरचे व्याज. यातले काहीही त्याने मला कळू दिले नव्हते. “तू धर्मगुरू. तुला कशाला त्रास द्यायचा, असं आई म्हणाली,” तो म्हणाला.

वाडी विकली गेली याचे दुःख मला आजही आहे, आणि भूमीविषयी जे मी वेदीवरून बोललो ते आजही मला खरे वाटते. पण ज्याच्या खांद्यावर घर टाकून मी वेदीपर्यंत पोहोचलो, त्याला मी कधी काही विचारलेच नव्हते. मी त्याची क्षमा मागितली, ती अर्धवट वाक्यांत. त्यानेही काहीतरी उत्तर दिले. पूर्ण समेट झाला, असे मी लिहिणार नाही. काही बोलणी अजून व्हायची आहेत. निघताना तो माझ्यापुढे फाटकापर्यंत चालत गेला. डावा पाय किंचित ओढीत चालण्याची ती लकब वडिलांची होती. ती त्याच्यात केव्हा आली, मला ठाऊक नव्हते. आठ वर्षे मी त्याला चालताना पाहिलेच नव्हते.

पालकांचे वर्ग मी अजूनही घेतो. फळ्यावर जिना काढीत नाही, असे नाही. टप्पे असतात आणि ते समजून घेतलेले बरे. पण कोण कोणत्या पायरीवर आहे, हे आता विचारीत नाही. बेथसैदाला प्रभूने विचारलेला प्रश्न तेवढा विचारतो : काही दिसते का? आणि उत्तराची घाई करू नका, असे सांगतो. वर्ग संपल्यावर ख्रिस्तमंदिरात जातो. मारियेच्या मूर्तीसमोर कुणाची ना कुणाची मेणबत्ती जळत असते. तिच्याशेजारी मीही एक लावतो.